गाडी मागून घुमते? आधी निदान, मग पाना! फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचं मागचं डिफरन्शियल कसं ओळखायचं



डिफरन्शियलच्या आवाजावरचा व्हिडिओ टाकल्यापासून बरेच जण म्हणतायत, "सर, बघताना सगळं कळतं, पण गाडी समोर आली की क्रम विसरतो." म्हणून हा लेख. याची प्रिंट काढा आणि गॅरेजच्या भिंतीला चिकटवा. ज्यांना गॅरेज टाकायचं नाही, पण पिकअप घेऊन भाड्याचा धंदा करायचा आहे, त्यांनीही वाचा. आपल्या गाडीला काय झालंय हे ज्याला कळतं, त्याला कोणी सहज गंडवू शकत नाही.

सुरुवात माझ्याच चुकीने करतो.

माझे दोन बेअरिंग आणि गिऱ्हाइकाचे दोन दिवस

माझं गॅरेज साताऱ्याजवळ आहे. ठोसेघरच्या वर, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथे सामान आणि माणसं नेणाऱ्या पिकअप माझ्याकडे येतात. पावसाळ्यात वरचे रस्ते म्हणजे नुसता चिखल, त्यामुळे फोर-व्हील-ड्राइव्हशिवाय पर्याय नाही.

गॅरेज सुरू करून मला दीड वर्ष झालं होतं. एक काका गाडी घेऊन आले. म्हणाले, "मागून घूंऽऽ आवाज येतोय, जरा बघ बाबा." मी गाडी चालवून बघितली नाही. चाक उचललं, हाताने फिरवलं, थोडी घरघर वाटली. म्हटलं, "काका, हब बेअरिंग गेलं." दोन्ही बाजूंचे बेअरिंग, दोन सील, मजुरी धरून ४,८०० रुपये बिल झालं. गाडी दोन दिवस उभी राहिली, म्हणजे काकांचं दोन दिवसांचं भाडंही बुडालं.

तिसऱ्या दिवशी काका परत. आवाज तसाच.

ते ओरडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "तुला माहीत नव्हतं, तर सांगायचं होतंस." बीबीएच्या तीन वर्षांत कुठल्या प्राध्यापकाने धंद्याबद्दल एवढं महत्त्वाचं वाक्य मला सांगितलं नव्हतं. मी मजुरी परत केली आणि ठरवलं की या गाडीचं निदान शिस्तीत करायचं. ते जसं केलं, तसंच तुम्हाला सांगतो.

आधी रचना समजून घ्या

आपल्याकडच्या बहुतेक फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप पार्ट-टाइम प्रकारच्या असतात. गिअरबॉक्समधून ताकद ट्रान्सफर केसमध्ये येते. लिव्हर किंवा स्विच टू-एचवर असेल तर ती फक्त मागच्या प्रोपेलर शाफ्टला जाते. फोर-एच किंवा फोर-एलवर टाकलं की पुढचा शाफ्टही जोडला जातो.

मागचा शाफ्ट जिथे हौसिंगला जोडतो, तिथे आत पिनियन असतो. तो मोठ्या क्राउनला फिरवतो. क्राउनला जोडलेल्या केसमध्ये छोटे गिअर असतात, त्यांना मेकॅनिक स्टार गिअर म्हणतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त आणि आतलं चाक कमी फिरायला हवं, ती सोय हे गिअर करतात. तिथून दोन एक्सल दोन चाकांना जातात.

म्हणजे संशयित पाच: पिनियनचे बेअरिंग, क्राउन-पिनियनचे दात, केसच्या बाजूचे बेअरिंग, स्टार गिअर आणि एक्सल. हौसिंगच्या बाहेर उभे असलेले खोटे संशयित तीन: टायर, हब बेअरिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. गाडीच्या मागून आलेला प्रत्येक आवाज डिफरन्शियलचा नसतो. माझ्या बाबतीत उलटं झालं. आवाज डिफरन्शियलचा होता आणि मी हब फोडत बसलो.

पायरी १: प्रश्न विचारा, पाना हातात घेऊ नका

गिऱ्हाईक आलं की हे विचारा आणि जॉब कार्डवर लिहा:

- आवाज कधीपासून? एकदम सुरू झाला की हळूहळू वाढला?
- ॲक्सिलरेटर दिल्यावर येतो, सोडल्यावर येतो, की कायम येतो?
- फक्त वळणावर येतो का?
- गाडी पाण्यातून गेली होती का?
- मागे कोणी काम केलं होतं का? सील, ब्रेक, क्रॉस, काहीही?
- टायर कधी बदलले? चारही एकाच मापाचे आहेत ना?

शेवटचे दोन प्रश्न लोक विसरतात. मीही विसरलो होतो. काकांना विचारलं तेव्हा कळलं, दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये पिनियनचं ऑइल सील बदललं होतं. हा धागा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पायरी २: गिऱ्हाइकाला शेजारी बसवून गाडी चालवा

रिकामा, सरळ, सपाट डांबरी रस्ता निवडा. गाडी टू-एचवर ठेवा. काचा खाली, रेडिओ बंद.

*ॲक्सिलरेटरची परीक्षा.* ५० ते ६० च्या वेगाला हलका ॲक्सिलरेटर द्या. मग पाय उचला आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. जोर दिल्यावर शिट्टीसारखा किंवा गुणगुणल्यासारखा आवाज आला आणि पाय उचलताच गेला किंवा बदलला, तर संशय क्राउन-पिनियनवर. पाय उचलल्यावरच आवाज येत असेल, तर पिनियनचे बेअरिंग ढिले झाले असण्याची शक्यता जास्त. ॲक्सिलरेटरचा काहीच फरक पडत नसेल आणि आवाज फक्त वेगाबरोबर वाढत असेल, तर टायर, हब किंवा केसचे बेअरिंग.

*न्यूट्रलची परीक्षा.* त्याच सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रल करून घरंगळू द्या. आवाज तसाच राहिला तर तो चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूचा आहे. ही परीक्षा घाटात किंवा उतारावर कधीही करायची नाही.

*रस्त्याची परीक्षा.* डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला तर तो टायरचा. गिअरला खाली कुठला रस्ता आहे ते कळत नाही.

*डावी-उजवीची परीक्षा.* मोकळ्या रस्त्यावर सावकाश गाडी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे झुकवा. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढला तर डावं हब बेअरिंग तपासा. डावीकडे वळताना याच्या उलट.

*वळणाची परीक्षा.* मोकळ्या मैदानात सावकाश मोठा गोल फिरवा. सरळ जाताना गप्प आणि वळताना कटकट, तर स्टार गिअर किंवा त्यामागचे वॉशर. गाडीला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल असेल, तर चुकीच्या ऑइलमुळेही वळणावर थरथर होते. अशा वेळी आधी कंपनीने सांगितलेलं ऑइल भरून बघा.

*टक-टक मोजा.* माणूस चालतो त्या वेगाने गाडी चालवा. चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच 'टक' झालं तर क्राउनचा दात तुटला असण्याची शक्यता. एका फेऱ्यात साधारण चार वेळा झालं तर पिनियनचा दात किंवा प्रोपेलर शाफ्ट, कारण चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे चारच्या आसपास फेरे होतात.

फोर-व्हील-ड्राइव्हची एक खास फसगत इथेच सांगतो. कोरड्या डांबरावर फोर-एच लावून गाडी वळवली की ती अडकल्यासारखी होते, टायर घासतात, मागून धक्के बसतात. बऱ्याच पार्ट-टाइम गाड्यांत मधलं डिफरन्शियल नसतं, म्हणून असं होणारच. हा बिघाड नाही, वापरण्यातली चूक आहे. गिऱ्हाइकाला समजावून सांगा, बिल लावू नका. असं एक गिऱ्हाईक पुढे दहा गिऱ्हाइकं आणतं.

काकांची गाडी मी अशी चालवली. ॲक्सिलरेटर दिला की घूंऽऽ, सोडला की जवळजवळ शांत. डावी-उजवीत काहीच फरक नाही. म्हणजे हब पहिल्या दहा मिनिटांतच सुटलं असतं! माझी चूक कळायला दहा मिनिटं पुरेशी होती, आणि मी ती दिली नव्हती.

पायरी ३: खालून बघा

गाडी सपाट जागी उभी करा.

*गळती.* पिनियनच्या तोंडाशी ऑइल दिसतंय का? ब्रेक ड्रमच्या आतल्या बाजूला ओल आहे का? हौसिंगचा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्यायेण्याची छोटी नळी किंवा टोपण, चिखलाने बंद झालंय का? ब्रीदर बंद झाला की गरम झालेली हवा आत कोंडते आणि सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. उलटंही होतं. गरम हौसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून पावसाळ्यानंतर डोंगरातल्या प्रत्येक पिकअपचा ब्रीदर आणि ऑइल तपासा.

*ऑइल.* भरायचा बोल्ट आधी उघडा, मगच खालचा काढायचा बोल्ट. हा नियम पाठ करा. ऑइल काढून टाकलं आणि वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तुमच्या गॅरेजमध्ये मुक्कामाला राहील. गाडी सपाट असताना ऑइल साधारणपणे भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असायला हवं.

ऑइल पांढऱ्या भांड्यात घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. गिअर ऑइलला गंधकासारखा वास असतोच, त्याला घाबरू नका. करपल्याचा वास आणि काळाकुट्ट रंग ही मात्र गरम होऊन चालल्याची खूण.

*चुंबक.* बऱ्याच गाड्यांत ऑइल काढायच्या बोल्टला चुंबक असतो. त्यावर बारीक, करड्या रंगाची मलमासारखी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. पेस्ट बोटांत चोळा. टोचलं, चकचकीत पापुद्रे किंवा कण लागले, तर बेअरिंग किंवा दात झडतायत. तुकडा निघाला तर पुढे चालवायचंच नाही.

पायरी ४: दोन्ही चाकं उचलून तपासणी

इथे जीवाशी खेळ आहे, म्हणून सावकाश वाचा. मागची दोन्ही चाकं उचला. हौसिंगखाली दोन मजबूत स्टँड लावा, नुसत्या जॅकवर कधीच काम करू नका. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. लिव्हर टू-एचवर आहे याची स्वतः खात्री करा. फोर-एचवर राहिली आणि गिअर पडला, तर जमिनीवरची पुढची चाकं गाडी स्टँडवरून खाली ओढतील. तसंच एकच चाक उचलून गिअर टाकू नका. लिमिटेड-स्लिप किंवा लॉकिंग डिफरन्शियल असेल तर जमिनीवरचं दुसरं चाक गाडी पुढे काढेल.

आता इंजिन बंद ठेवून, गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक खाली ठेवून एक चाक हाताने फिरवा. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरं चाक उलट्या दिशेने फिरतं. फिरताना अडखळलं तर स्टार गिअर बघा. हातातलं चाक मोकळं फिरलं आणि दुसरं हललंच नाही, तर एक्सल तुटला असू शकतो.

मग न्यूट्रल करा. प्रोपेलर शाफ्ट जिथे पिनियनला जोडतो ती फ्लँज पकडून वर-खाली हलवा. इथे हाताला जाणवेल असा खेळ नसावा. खेळ असेल तर पिनियनचं बेअरिंग किंवा नट ढिला आहे. फ्लँज स्थिर धरून क्रॉस वेगळा हलवून बघा. गिअर टाकताना 'खट्' वाजणाऱ्या कितीतरी गाड्यांत दोष क्रॉसचाच निघतो, आणि ते काम डिफरन्शियलच्या मानाने फारच स्वस्त.

शेवटी इंजिन चालू करून, आत माणूस बसवून, कमी वेगाने चाकं फिरवा आणि मेकॅनिकच्या स्टेथोस्कोपने पाच जागी ऐका: पिनियनचं तोंड, हौसिंगची डावी बाजू, उजवी बाजू आणि दोन्ही हब. जिथे आवाज टोकदार, तिथे दोष. सैल कपडे, मफलर, हातातलं कडं काढून ठेवा. फिरणारा शाफ्ट माफ करत नाही.

काकांच्या गाडीत ऑइल बोटाला लागत नव्हतं इतकं खाली गेलेलं. चुंबकावर पापुद्रे. फ्लँज वर-खाली हलत होती. आवाज पिनियनच्या तोंडाशी सर्वांत जास्त.

पायरी ५: उघडल्यावर काय बघायचं

इथपर्यंत सगळे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवत असतील, तरच उघडा. आणि त्याआधी गिऱ्हाइकाची परवानगी घ्या.

पिनियनचं पुढचं बेअरिंग खवलेलं होतं आणि क्राउनच्या दातांवर ओरखडे होते. कारण? सील बदलताना पिनियनचा मोठा नट काढावा लागतो. परत बसवताना तो बेअरिंगवर ठराविक ताण येईल एवढाच कसायचा असतो. अंदाजाने कसला आणि कमी-जास्त झाला, तर बेअरिंग आणि दात दोन्ही जातात. वर ऑइलही पूर्ण भरलं नव्हतं. सीलसारख्या छोट्या कामातली घाई दोन महिन्यांत मोठं काम होऊन परत आली.

उघडल्यावरचे नियम थोडक्यात:

- क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदला. ते एकमेकांशी जुळवून बनवलेले असतात.
- क्रश स्लीव्ह असेल तर ती नवीनच टाका. पिनियनचा नटही नवीन.
- दातांमधला खेळ डायल गेजने मोजा आणि त्या गाडीच्या मॅन्युअलशी जुळवा. अंगठ्याने मोजू नका.
- दातांवर रंग लावून घास कुठे पडतो ते बघा. तो दाताच्या मधोमध हवा, कडेला नको.
- कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल भरा. अशा गिअरना सहसा जीएल-५ दर्जाचं लागतं.

जुन्या बाजारातला सौदा

नवीन क्राउन-पिनियनची किंमत ऐकून काका गप्प झाले. दुसऱ्या दिवशी भंगार बाजारातून सेकंडहँड सेट घेऊन आले. "कंपनी तीच, मॉडेल तेच, निम्म्याहून कमी पैशात!"

सेट चांगला होता. दात स्वच्छ. मी बसवायला घेणारच होतो, पण आधी दात मोजले. आणलेल्या सेटमध्ये क्राउनला ४१ आणि पिनियनला १०, म्हणजे गुणोत्तर ४.१०. काकांच्या जुन्या सेटमध्ये ४३ आणि ११, म्हणजे ३.९१.

टू-व्हील-ड्राइव्ह गाडीत हा फरक खपला असता. स्पीडोमीटर आणि ॲव्हरेज थोडं बदललं असतं, एवढंच. पण या गाडीत पुढच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.९१ आहे. फोर-एचमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. शाफ्टचे ४१० फेरे झाले की मागची चाकं १०० फेरे फिरणार आणि पुढची जवळजवळ १०५. हे पाच फेरे जाणार कुठे? चिखलात टायर घसरून थोडे सुटतील. कडक जमिनीवर सगळा ताण ट्रान्सफर केस, शाफ्ट आणि गिअरवर येणार. आणि गंमत अशी की साताऱ्यात, टू-एचवर, टेस्ट ड्राइव्हमध्ये गाडी मस्त चालली असती! दगा दिला असता तो पठारावर, पावसात, माणसं भरलेली असताना.

सेट परत पाठवला. तीन दिवसांनी ३.९१ चा मिळाला, तो बसवला. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये मागचा सेट बदलताना दात मोजल्याशिवाय पाना लावायचा नाही. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे टाकू नयेत, त्याचं कारणही हेच.

आता धंद्याचं गणित

निदानाचे पैसे घ्या. "बघायचे कसले पैसे?" असं गिऱ्हाईक विचारणार. त्याला सांगा, "दादा, बघितलं नाही तर तुमचे जास्त जातील." मी आता मागच्या आवाजाच्या तपासणीचे ७०० रुपये घेतो. काम माझ्याकडे केलं तर ते बिलातून वजा करतो. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी माझा तास फुकट जात नाही.

अंदाज तीन टप्प्यांत लिहून द्या: न उघडता तपासणी, उघडून तपासणी, प्रत्यक्ष दुरुस्ती. प्रत्येक टप्प्यावर सही किंवा निदान व्हॉट्सॲपवर होकार. उघडल्यावर खर्च वाढला तर आधी फोन, मग काम.

पुरावा दाखवा. चुंबकावरचे पापुद्रे पांढऱ्या कागदावर काढा, फोटो पाठवा. जुने पार्ट पिशवीत घालून परत द्या. गिऱ्हाइकाला पिनियन म्हणजे काय ते कळलं नाही तरी चालेल, पण आपल्याला लपवाछपवी नाही हे त्याला कळलं पाहिजे.

आणि जे माझ्याकडून राहिलं होतं ते तुम्ही करा. डायल गेज नाही, ताण मोजायचा पाना नाही, तर तपासणीचे पैसे घ्या, लेखी निदान द्या आणि ज्याच्याकडे हत्यारं आहेत त्याच्याकडे गाडी पाठवा. "हे मी करत नाही" असं म्हणाल्याने गिऱ्हाईक तुटत नाही. येत नसताना केल्याने तुटतं.

काकांची गाडी आजही माझ्याकडे येते. आता त्यांचा मुलगा आणतो. गाडी लावली की आधी विचारतो, "चालवून बघणार ना?"

मी किल्ली घेतो आणि त्याला शेजारी बसवतो.

पुढच्या व्हिडिओत जॉब कार्डचा पूर्ण नमुना भरून दाखवणार आहे. तोपर्यंत एक गृहपाठ: तुमच्या किंवा ओळखीच्या कोणाच्या पिकअपचा ब्रीदर कुठे आहे ते शोधा आणि साफ आहे का बघा. दहा मिनिटांचं काम आहे, पैसा लागत नाही.

भेटू लवकरच. शिकत राहा, कमवत राहा!